खेडची केळ

सकाळी साडेसातच्या सुमाराला गुणवंतीकाकी मासे धुतलेलं पाणी घेऊन परसात जायच्या. ॲल्युमिनियमचा टोप, त्यात खवलं, शेपट्या आणि लालसर पाणी. ते पाणी एका दिवशी एकाच केळीला मिळायचं, आणि कुठल्या वारी कुठल्या केळीला हे ठरलेलं होतं. रविवारी राजेळीला, मंगळवारी वेलचीला, बुधवारी तांबडीला, शुक्रवारी म्हसकेळीला. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात मासे नसत, तेव्हा केळींनाही नसत. "त्यांनी पण वार पाळायला हवेत की," असं त्या म्हणायच्या. पाणी ओतलं की रिकामा टोप बुंध्यावर एकदा आपटायचा, तळाला चिकटलेली खवलं पडावीत म्हणून. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. माझी आई त्या आवाजावर दुधाखालचा गॅस बंद करायची.

काकी गेल्या पौषात वारल्या. आई अजून कधीकधी दूध उतू घालवते.

त्यांचं घर रत्नागिरीच्या मांडवीत, आमच्या कुंपणाला लागून. समुद्र दोन गल्ल्या पुढे. जमीन रेताड, आणि पावसाळ्यात वारा असा की नारळाखेरीज उंच असलेलं काही सरळ राहत नाही. अशा जागी केळ लावणं हा हट्टच होता. घड धरलेली केळ आडवी झाली की काकी नवऱ्याला, भिवाकाकांना, हाक मारायच्या आणि दोघं मिळून तिला जुन्या जाळ्याच्या दोराने माडाला बांधून ठेवायची. भिवाकाका तीस वर्षं मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य, होते. गुडघे गेल्यावर ते घरी बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागले. "बोट बांधली नसेल इतक्या वेळा हिच्या केळी बांधल्या," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू मागायला लोक काकींकडे येत. काकी कोणाला नाही म्हणत नसत, पण लगेच देतही नसत. आधी मागणाऱ्याच्या घरी जायच्या आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघायच्या. गटारात जात असेल तर, "आधी पाणी वळव, मग ये." बायका हसायच्या. "मुलगी बघायला यावं तशी काकी न्हाणी बघायला येते." काकी त्यावर म्हणायच्या, "मुलीचं एक वेळ निभतं. केळ बोलत नाय."

दिलेल्या पिल्लाच्या बदल्यात त्या काही घेत नसत. एवढंच, की पहिल्या घडाची पहिली फणी त्यांच्याकडे परत यायची. ती यायचीच. भाद्रपदात त्यांच्या ओटीवर कधीकधी चार घरच्या फण्या एकदम पडलेल्या असत आणि काकी हात लावून सांगायच्या, ही अमक्याची, ही पाण्यावाचून राहिलेली, ही घाईने उतरवलेली.

त्यांना एकच मुलगी, नम्रता. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला खेडला दिली. पाठवणीच्या गाडीत कपाट-भांड्यांबरोबर गोणपाटात बांधलेलं राजेळीचं एक पिल्लू ठेवलं होतं. वऱ्हाडातल्या कोणीतरी विचारलं, "हे पण आंदण काय?"

"आंदण नव्हे, उसनं," काकी म्हणाल्या. "फणी परत यायची आहे."

दोन वर्षांनी नम्रता राजेळीची फणी घेऊन आली. हाताएवढी लांब केळी. काकींनी ती उकडून, तूप-साखर घालून गल्लीत वाटली. त्यानंतर दर वर्षी फणी यायला हवी असा काही नियम नव्हता, पण नम्रता आणायची.

मग एका वर्षी नवरात्र संपल्यावर चार दिवसांच्या तापाने नम्रता गेली. डेंग्यू. मूलबाळ नव्हतं. फोन आला तेव्हा मी काकींच्या स्वयंपाकघरात विरजण मागायला उभी होते. त्यांनी फोन कानाला लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "बरं." फोन ठेवला. वाटीत विरजण घालून माझ्या हातात दिलं, आणि बाहेर जाऊन भिवाकाकांना सांगितलं. मी वाटी घेऊन घरी आले. पुढे किती दिवस त्या दह्याला आमच्याकडे कोणी हात लावला नाही.

तेराव्याला दोघं खेडला गेली. जावई, विनोद, साधा माणूस. त्याने नम्रताचं कपाट उघडून ठेवलं. म्हणाला, "आई, काय हवं ते घेऊन जा." काकींनी कपाटाकडे बघितलं नाही. त्या मागच्या दारी गेल्या. त्या पावसाळ्यात जगबुडी नदीचं पाणी परसात शिरून गेलं होतं, सगळीकडे गाळ सुकून भेगाळला होता. राजेळीचं बेट एका कोपऱ्यात होतं. मोठ्या केळी पुरात मोडलेल्या, कुजलेल्या. एक पिल्लू तेवढं हिरवं होतं. विनोदने पहारीने ते काढून दिलं.

हे सगळं मला भिवाकाकांनी सांगितलं. काकींनी कधी सांगितलं नाही. एसटीत त्या पिल्लू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंडक्टर मजेत होता. म्हणाला, "मावशी, तुमचं अर्धं तिकीट. हिचं काय करू, हिचं पण अर्धंच?"

"काढा," काकी म्हणाल्या.

तो हसला. मग त्या पैसे पुढे धरून बसल्यात हे बघून त्याने दुसरीकडे तोंड केलं आणि एकच तिकीट फाडलं.

ते पिल्लू त्यांनी न्हाणीच्या मागे लावलं, जिथे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथे. आठवड्याचे वार मोडले. मासे धुतलेलं पाणी आता प्रत्येक वेळी तिथेच जाऊ लागलं. बाकीच्या चार केळींना मोरीचं साधं पाणी. राजेळी महिन्याभरात वर निघते, पानं ऐसपैस सोडते. हिची पानं अरुंद, ताठ, एकाला एक चिकटून, झाडूसारखी वर उभी. कडा जराशा पिवळ्या. चार महिन्यांत ती काकींच्या कमरेच्या वर गेली नाही.

भिवाकाकांनी एकदा विचारलं, "राजेळीच ना गो ही? मग अशी खुजी कशी?"

"सासरी राहून आल्ये," काकी म्हणाल्या.

भिवाकाका पुन्हा जाळ्याकडे वळले.

पुढच्या आषाढात तीन दिवस वादळ झालं. मांडवीत पत्रे उडाले, बंदरात होड्या एकमेकींवर आपटल्या. काकींची जुनी राजेळी आणि वेलची आडव्या झाल्या, तांबडी घडासकट मोडली, म्हसकेळ भिंतीवर पडली. आमच्या आणि मागच्या गल्लीत एक केळ उभी राहिली नाही. उभी राहिली ती एकच, न्हाणीमागची खुजी. तिची पानंसुद्धा फाटली नव्हती.

वादळ ओसरल्यावर लोक आपापल्या पडझडीतून काकींच्या परसात डोकावले. मागच्या गल्लीतली संध्या आली. ती मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होती आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. ती केळीभोवती फिरली.

"काकी, ही कुठली जात?"

"खेडची."

"आणि इतके दिवस लपवून ठेवलीत होय? आम्ही आपले दरसाल केळी बांधतोय माडाला! मला पिल्लू हवं हां हिचं. पहिलं माझं."

"घे."

खेडच्या केळीला पिल्लं भराभर फुटत होती. सगळी तशीच, ताठ आणि बुटकी. पाऊस संपेपर्यंत काकींनी ती सात घरांत दिली. वाऱ्यात न पडणारी केळ मांडवीत कोणाला नको असेल? त्या वर्षी काकी कोणाची न्हाणी बघायला गेल्या नाहीत. कोणी मागितलं की पिल्लू काढायचं, गोणपाटाचा तुकडा गुंडाळायचा, हातात द्यायचं. पहिल्या फणीचं कोणाला बजावलं नाही. मला वाटतं, सात घरांत ती वाढते आहे एवढं त्यांना पुरत होतं. हे माझं वाटणं.

वर्ष गेलं. सात घरांतल्या एकाही केळीला केळफुलाचं कमळ आलं नाही. संध्या भेटली की विचारायची, "काकी, तुमची खेडची घड देणार की नुसतीच मिरवणार?" काकी म्हणायच्या, "येईल. उशिराची आहे." दरम्यान वादळानंतर पुन्हा फुटलेली वेलची आणि तांबडी वर येताना आखडल्या. त्यांचीही पानं अरुंद आणि ताठ झाली. काकींनी ते बघितलं होतं. एकदा मीच म्हटलं, "काकी, वेलची पण खेडचीसारखी व्हायला लागली."

"शेजारी राहून होतं तसं," त्या म्हणाल्या, आणि टोप आपटून आत गेल्या.

श्रावणात आमच्या माडांना भुंगा लागला म्हणून बाबांनी कृषी सहायकाला बोलावलं. हर्षद नावाचा तरुण मुलगा, पायात गमबूट. माड बघून झाले, आणि चहाचा कप हातात घेऊन तो कुंपणाशी उभा राहिला. त्याने चहा तसाच कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि पलीकडे गेला. मी पाठोपाठ गेले.

त्याने खेडच्या केळीचं एक पान देठापासून काढलं आणि उजेडाकडे धरलं. देठावर गडद हिरव्या बारीक रेघा होत्या, तुटक तुटक. पोंग्यात, मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात, बोट घातलं तर बोटाला माव्याचे काळपट बारीक किडे लागले.

"काकी, ही कुठून आणलीत?"

"खेडची जात आहे."

"ही जात नाही काकी. हा रोग आहे. पर्णगुच्छ म्हणतात. केळ अशी आखडते आणि घड कधीच देत नाही."

ओटीवरून भिवाकाका म्हणाले, "बघ. मी म्हटलेलं."

"तुम्ही काय म्हटलेलंत? तुम्ही म्हटलेलंत पाणी जास्त होतंय," काकी म्हणाल्या.

"म्हणजे म्हटलेलंच ना काहीतरी."

हर्षदला हसावं की नाही कळेना. तो हळू आवाजात सांगू लागला. यावर औषध नाही. फवारलं तर मावा मरेल, केळ बरी होणार नाही. मावा एका केळीवरून दुसरीवर जातो, म्हणून आजूबाजूची एकही ठेवून चालत नाही. पोंग्यात घासलेट ओतायचं, म्हणजे मावा जागीच मरतो. मग कांद्यासकट, म्हणजे जमिनीतल्या गड्ड्यासकट, उपटायची, तुकडे करायचे, पुरायची. मग सहा महिने त्या जागी केळ लावायची नाही. "आणि पिल्लांतून सगळ्यात जास्त पसरतो," तो म्हणाला. "तुम्ही कोणाला पिल्लू दिलंत का?"

काकींनी बोटांवर सात नावं सांगितली. मध्ये कुठे थांबल्या नाहीत.

"त्यांच्याही काढाव्या लागतील. सगळ्या. एक जरी राहिली तरी उपयोग नाही."

"बरं," काकी म्हणाल्या.

घासलेट आता कोणाच्या घरी नसतं. भिवाकाका मिरकरवाड्याला जाऊन बोटीचं डिझेल कॅनमध्ये घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून काकी पहार, कोयता आणि डिझेलचा कॅन घेऊन निघाल्या. हर्षदने दिलेला छापील कागद माझ्याकडे होता, कोणाला पटलं नाही तर वाचून दाखवायला. तो एकदाही वाचावा लागला नाही. काकी दारात उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "मी दिलेली केळ रोगट निघाली. काढायला आल्ये." लोक बाजूला व्हायचे. कोणी चहा विचारला, कोणी विचारला नाही. एका घरात म्हातारीने काकींच्या हातातली पहार काढून मुलाच्या हातात दिली. काकींनी ती त्याच्याकडून परत घेतली. "मी लावलेली आहे," म्हणाल्या.

खुज्या केळीचा कांदा खोल नसतो. तीन-चार घावांत वर येतो. काकी त्याचे तुकडे करून खड्ड्यात टाकायच्या, माती लोटायच्या, पायाने दाबायच्या. चेहऱ्यावर काही नसायचं. बाजारात मासे निवडतानासुद्धा त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, त्याही नव्हत्या.

संध्या मात्र आडवी आली.

"गणपतीपर्यंत राहू दे की काकी. पानं लागतात."

"हिच्या पानावर एक मोदक राहील. दुसरा खाली पडेल."

"राहिला तर राहिला. दोन आठवड्यांत काय मोठं होतंय? वर्षभर पाणी घातलं मी. कामावरून येऊन पाय धुवायचे तर हिच्या बुडाशी धुतले."

"सगळ्या काढायला हव्यात गो."

संध्या बाजूला सरकली. मग म्हणाली, "काढा. तुमचीच आहे," आणि काकी काढत असताना दार ओढून आत गेली.

सात घरं चार दिवसांत झाली. पाचव्या दिवशी काकींनी आपल्या परसातली वेलची आणि तांबडी काढली. सहाव्या दिवशी राजेळी आणि म्हसकेळ. म्हसकेळ त्यांच्या सासूने लावलेली होती, जाड सालीची, भाजीची. रत्नागिरीत ती आता फारशी कोणाकडे नाही. तिला अजून रोगाचं काही दिसत नव्हतं. भिवाकाका म्हणाले, "ही ठेव." काकींनी पोंग्यात डिझेल ओतलं.

न्हाणीमागची खेडची तेवढी राहिली.

सातव्या दिवशी काकी तिच्याकडे गेल्या नाहीत. आठव्या दिवशी पाऊस आहे म्हणाल्या. नवव्या दिवशी मी सकाळी टोप आपटल्याचा आवाज ऐकला. हर्षद बघायला आला. परसभर भरलेले खड्डे आणि मध्ये ती एक.

"काकी, एक राहिली."

"हो."

"काढायला हवी."

"हो. चहा घेणार ना?"

चहा घेऊन तो गेला. जाताना मला म्हणाला, "तुम्ही सांगा ना जरा." मी काय सांगणार होते? विनोदने मागच्या उन्हाळ्यात खेडचं परस सिमेंट करून घेतलं होतं, गाडी लावायला. तिथे आता काहीच नव्हतं. हे काकींना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

गणपतीला पाच दिवस राहिले असताना संध्या तरातरा आली. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. ती ओटीही चढली नाही, सरळ परसात गेली.

"म्हणजे ऐकलं ते खरं! आमची तेवढी रोगट आणि तुमची तेवढी शहाणी काय हो काकी? सात घरांची उपटलीत. माझी पानं गेली, बाजारातून आणणार आता मी पानं. आणि ही इथे ताठ उभी. हिला कसला मान?"

काकी पायरीवर सोडे, सुकवलेली कोळंबी, निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, हात झटकले. आत जाऊन कोयता आणि पहार घेऊन आल्या. डिझेलचा कॅन भिवाकाकांनी आणून दिला.

त्यांनी पोंग्यात डिझेल ओतलं आणि पानं कोयत्याने उतरवली. पहार मारली तर ती दगडावर आपटली. न्हाणीच्या पायाचा चिरा होता. दोनदा, तीनदा मारली. जोर पुरत नव्हता. संध्याने पदर खोचला. "सरका. मी धरते."

दोघींनी मिळून पहार तिरकी घातली. कांदा हलला.

"आणलीत कुठून पण ही पिडा?" संध्या म्हणाली. अजून धुसफुसतच होती.

"नमूच्या परसातली."

संध्याचे हात पहारीवर तसेच राहिले. सातही घरांत केळ खेडची म्हणूनच गेली होती. खेडला नम्रता होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी दोन्ही एकत्र जोडलं नव्हतं. मीही भिवाकाकांनी सांगेपर्यंत नव्हतं जोडलं.

"काकी, मी..."

"दाब," काकी म्हणाल्या. "आता सुटला आहे, पुन्हा बसेल."

संध्याने दाबलं. कांदा वर आला, मुळांना खेडचा गाळ वगैरे काही नव्हता, मांडवीची रेतीच होती. काकींनी कोयत्याने त्याचे चार तुकडे केले. संध्या खड्ड्यात माती लोटू लागली. काकी मोरीवर गेल्या, हातांना साबण लावला, डिझेलचा वास जाईना म्हणून पुन्हा लावला. मग पायरीवर येऊन सोडे निवडायला बसल्या. संध्या जाताना त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. काकींनी एका कागदात मूठभर सोडे बांधून तिला दिले.

त्या गणपतीला आमच्या गल्लीत सगळ्यांकडे बाजारची पानं होती. दिवाळीनंतर हर्षदने येऊन सांगितलं की आजूबाजूला कुठे रोग दिसत नाही आणि फेब्रुवारी संपता संपता नवीन रोपं लावता येतील. प्रयोगशाळेत वाढवलेली, निरोगी, छोट्या पिशवीतली. सात घरांसाठी त्याने नावं लिहून घेतली. काकींना विचारलं तर म्हणाल्या, "आधी त्यांची होऊ देत." मासे धुतलेलं पाणी त्या आता सरळ मोरीत ओतायच्या.

पौषातल्या एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते, आईने दिलेल्या तिळाच्या वड्या घेऊन. भिवाकाका आत झोपले होते. काकी परसाकडे तोंड करून पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी एक वडी खाल्ली, गूळ जास्त झाला आहे असं म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. छातीत दुखतंय वगैरे काही बोलल्या नाहीत. ते पहाटे झालं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा अंधार पडायला आला होता. परसात भरलेल्या खड्ड्यांच्या जागा तेवढ्या कळत होत्या, माती जराशी खचलेली. गवतसुद्धा नीट उगवलेलं नव्हतं. गुरांनी येऊन खावं असं त्या परसात काही उरलं नव्हतं. मी अर्ध्या वाटेवर असताना काकींनी मागून हाक मारली.

"जाताना फाटक लावून घे गो. गुरं शिरतात."